बीबीहून आणलेली पाचवी खेळाडू

बास्केटबॉलच्या देशादेशांतल्या स्पर्धेत जिंकणाऱ्याला दोन गुण, हरणाऱ्याला एक, आणि जो मैदानात उतरलाच नाही त्याला शून्य. घरात टीव्हीवर सामना लागला की मी हे नातवंडांना अशा थाटात सांगते, जणू तो नियम मला विचारूनच केला असावा. खरं तर सतराव्या वर्षी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी खिदळले होते. "हरल्याचा कसला आला गुण? घ्यायला लाज नाही वाटत?" असं खेळाच्या बाईंना तोंडावर विचारलं होतं. त्या वयात मला सगळंच ठाऊक होतं. पुढे त्यातलं बरंच विसरले आणि जरा शहाणी झाले.

गाव मलकापूर. महाराष्ट्र नुकताच झाला होता. आमच्या घराचा उंबरा होता तिथेच होता, पण मी जन्मले मध्य प्रांतात, पाटी-पेन्सिल धरली मध्य प्रदेशात, फ्रॉक सोडून परकर नेसले तो मुंबई राज्यात, आणि मॅट्रिकला बसले ती महाराष्ट्रात. इतका प्रवास करूनही मी जलंब स्टेशनाच्या पुढे कधी गेले नव्हते.

खेळाच्या बाई अमरावतीहून व्यायामाचं शिक्षण घेऊन आमच्या शाळेत आल्या होत्या. पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. मुलींना लेझीम सोडून दुसरं काही शिकवायचं असतं, हे गावाला त्यांनीच दाखवलं. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाच्या आवाराला लागून मोकळी जागा होती. तिथे त्यांनी रेल्वेचे दोन मोडके रूळ उभे पुरून घेतले, वर फळ्या ठोकल्या आणि लोहाराकडून दोन लोखंडी कड्या करून आणल्या. लोहार म्हणाला, "बाई, बूड नसलेली टोपली पह्यल्यांदाच करून राह्यलो." कापसाचा हंगाम असला की आमचा चेंडू जमिनीवर आपटायचा आणि रुईचे तंतू घेऊन वर यायचा.

एके दिवशी बाईंनी खडूनं जमिनीवर मोठा गोल काढला आणि देशादेशांचे सामने कसे होतात ते समजावलं. आधी देशांचे गट पाडतात. गटातला प्रत्येक देश बाकीच्या सगळ्यांशी खेळतो, कुणाला टाळता येत नाही. गटातले पहिले दोन वर जातात. या खेळात बरोबरी नसते. गुण सारखे झाले तर पाच मिनिटं आणखी खेळायचं, तरी सारखे तर पुन्हा पाच मिनिटं, कुणीतरी हरेपर्यंत. आणि देशाचा संघ म्हणजे एका शाळेचा नव्हे, एका गल्लीचा नव्हे. देशभरातल्या निवडून काढलेल्या बारा जणी. एकदा एका देशाकडून उतरली की ती त्याच देशाची. उद्या मन फिरलं म्हणून दुसऱ्या देशाचा गणवेश घालता येत नाही.

"आपलंही तसंच करायचं," बाई म्हणाल्या. "आपले तालुके म्हणजे देश."

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तेव्हा पाच तालुके होते. जळगाव देशानं कळवलं की मुलींना असले खेळ शोभत नाहीत. उरले चार: मलकापूर, खामगाव, मेहकर, चिखली. एकमेकांच्या गावी जाऊन खेळायचं, आणि पहिल्या दोघांनी उन्हाळ्यात अमरावतीला जाऊन मोठ्या गटात उतरायचं.

मी मलकापूर देशात होते. का होते, हे मी सांगणं बरं नाही, पण सांगते. मला चेंडू नीट फेकता यायचा नाही, पळताना दोन्ही वेण्या तोंडात जायच्या. पण समोरचीला धक्का मात्र असा द्यायचे की ती जिनाच्या कुंपणापर्यंत जायची. याला मी तेव्हा 'बचाव' म्हणायचे. खरी खेळाडू होती आमची उंच मैत्रीण. ती इतकी उंच होती की तिची आई तिला पाहुण्यांसमोर उभीच राहू द्यायची नाही. ती कडीखाली जाऊन नुसता हात वर करायची आणि चेंडू आत.

आता माझी गोष्ट. बाईंनी माझ्या डोक्यात भरवलं होतं की मॅट्रिकनंतर अमरावतीला व्यायामाचं शिक्षण घ्यायचं. बाबांनी डोक्यात घेतलं होतं दुसरबीडचं स्थळ. चांगली काळीभोर जमीन, दोन विहिरी, मुलगा निर्व्यसनी. बाबा आमच्या मळ्यात वांगी-मिरची करायचे आणि शब्दाला फार जपायचे. एका दुपारी मी मिरच्या भरता भरता हट्टाला पेटले तेव्हा ते वैतागून म्हणाले, "बरं. तुमचा संघ अमरावतीले गेला, तर तूही जाय शिकाले. नाई गेला, तर पावसाच्या आत दुसरबीड. मंजूर?"

"मंजूर!" मी म्हणाले.

बाबांनी शब्द दिला तो आमचा खेळ पाहूनच दिला होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

दिवाळीनंतर सामने सुरू झाले. आम्ही मेहकरला आमच्याच गावात चांगलं दणकून हरवलं. मी तर त्याच दिवशी मनानं अमरावतीला पोचले. मग चिखलीला गेलो आणि एका टोपलीनं हरलो. त्या चिखलीला मेहकरनं हरवलं, तेही जेमतेम. खामगाव मात्र कुणालाच ऐकेना. त्यांनी मेहकरलाही लोळवलं आणि चिखलीलाही. आमचा खामगावशी सामना तेवढा बाकी राहिला, तो शाळांच्या परीक्षा उरकल्यावर चैत्राच्या अखेरीस ठरला.

मध्ये माघात लग्नसराई आली आणि आमची उंच मैत्रीण बीबी गावी दिली गेली. तिकडचा मुलगाही ताडमाड होता. दोन्ही घरांना सुटल्यासारखं झालं. आम्ही चारपाच जणी मांडवात रडलो. ती जाणार म्हणून सगळ्या रडत होत्या. मी रडत होते आता कडीखाली कोण उभं राहणार म्हणून. बाकीचा संघही गळत गेला. एकीच्या रेल्वेतल्या वडिलांची बदली झाली. एकीला गोवर निघाला. एकीच्या आजीनं तिला पळताना पाहिलं. चैत्र अर्धा सरला तेव्हा आम्ही चौघी उरलो होतो.

बाईंनी आम्हाला बसवून हिशेब समजावला. तेव्हा पहिल्यांदा तो हसण्यावारी नेलेला नियम माझ्या अंगावर आला.

"खामगाव तीनही जिंकणार, ते पहिलं. उरल्या तिघी. आपण मेहकरला हरवलं, मेहकरनं चिखलीला, चिखलीनं आपल्याला. तिघींचा एकेक विजय. मेहकर आणि चिखली खामगावशी हरल्या, पण खेळल्या, म्हणून त्यांचे हरल्याचे गुण जमा आहेत. आपण खामगावला जाऊन हरलो तरी आपले गुण त्यांच्याइतके होतात. मग या तिघींचे आपसातले सामने तेवढे बघायचे. कुणी किती टाकले, कुणावर किती पडले. त्यात आपण पुढे आहोत, मेहकरला दणकून हरवलंय म्हणून."

"म्हणजे हरलो तरी अमरावती?" मी विचारलं.

"हरलो तरी. कितीही मोठ्या फरकानं. पण गेलोच नाही तर त्या सामन्याचं शून्य, आणि आपण तळाला. सामना सुरू व्हायला मैदानावर पाच जणी उभ्या पाहिजेत. चार चालत नाहीत."

नवी मुलगी घेता येत नव्हती. नावं सुरुवातीलाच देऊन झाली होती. पाचवी एकच उरली होती, आणि ती बीबीला सासरी होती.

आमच्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकीला माहेरी आणतात. आणायला जातो त्याला मुऱ्हाळी म्हणायचं. हा मुऱ्हाळी बहुतेक भाऊ, नाहीतर चुलता. तिला भाऊ नव्हता, चुलता जाणार होता, पण आखाजीच्या आदल्या दिवशी. सामना त्याच्या आठ दिवस आधी. चुलता म्हणाला, "इतक्या लवकर गेलो तर सोयरे काय म्हणतीन?" तिची आई मात्र लेक आठ दिवस जास्त भेटते म्हणून खूश झाली. मी छाती पुढे काढून म्हणाले, "मी जाते मुऱ्हाळी."

आमची आई म्हणाली, "बाई माणूस कधी मुऱ्हाळी गेलं होतं काय व?"

"आता जाऊन राह्यलं," मी म्हणाले. माझी सगळी उत्तरं तेव्हा अशी ठसक्यात असायची आणि निम्मी चुकायची.

बाई आणि मी एसटीनं निघालो. बुलढाणा, चिखली, मेहकर. शत्रूची दोन्ही राज्यं पार करताना मी खिडकीतून त्यांच्याकडे डोळे वटारून पाहत होते. मेहकरला गाडी बदलली तर पाटीवर नाव दुसरबीडचं. कंडक्टर ओरडायला लागला, "दुसरबीड, चला दुसरबीड!" शेजारची बाई त्याच गावची निघाली. "कोनाकडे चालली व माय आमच्या गावाले?" मी हात तोंडावर धरला आणि थेट बीबी येईपर्यंत खोकले. बीबी त्याच रस्त्यावर, दुसरबीडच्या अलीकडे. मी लग्नाच्या एक थांबा आधी उतरले.

मैत्रिणीची सासू ओसरीवर मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. बाई मागे थांबल्या. रीत माझ्याकडे होती.

"कोन व तू?"

"मुऱ्हाळी."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मुऱ्हाळ्याले मिशा असतात, माय. तुह्या कुठी हायेत?"

वाटेत मी तीन खोट्या सबबी तयार केल्या होत्या. एकीत तिच्या आईला ताप होता, दुसरीत आजीला, तिसरीत म्हशीला. त्या मिरच्यांच्या खकाण्यात तिन्ही विसरले.

"आखाजीले तं धा-अकरा दिवस हायेत. आताच काऊन नेऊन राह्यली?"

"खेळासाठी, मावशी. रविवारी खामगावले सामना हाये. पाच जणी लागतात, आमी चौघीच उरलो."

"बरं. जिकता का मंग?"

"नाई. हारतो. पक्क्या हारतो."

सासूच्या हातातली मिरची हातातच राहिली. दाराआडून माझी मैत्रीण डोळ्यांनी मला 'गप, गप' खुणावत होती.

"हाराले माही सून नेऊन राह्यली? काऊन, हाराले तुमी चौघी कमी पडता?"

बाईंना मागून हसू आवरेना. मग मी भुईवर बसले, खुडलेले देठ घेतले आणि दोन, एक, शून्य मांडून दाखवलं. जिंकला त्याचे दोन देठ. हरला त्याचा एक. आला नाही त्याची रिकामी भुई. म्हातारी वाकून पाहत राहिली.

"म्हंजे लग्नासारखं हाये हे," ती म्हणाली. "भारी आहेर घेऊन आला त्याचा मान मोठा. हात हालवत आला त्याले बी पंगतीत पान वाढतेच. पन जो आलाच नाई, त्याच्या दारी मंग आमी बी जात नाई."

"हाव मावशी! तसंच!"

"मंग एवढं सांगाले इतका घाम काऊन फुटला तुले?"

तिनं दाराकडे न पाहता आवाज दिला, "आणि ते दारामागची! तुले जायचं हाये का?"

माझी मैत्रीण पदर सावरत पुढे आली. सासरी ती मान खाली घालून असायची, तिथेही घातली. पण बोलली स्पष्ट. "हाव आत्याबाई. जायचं हाये."

"मंग जाय. पन मी संगं येते. माह्या सुनेले कोन ढकलते ते पाह्यले."

शनिवारी सकाळी सासूनं रीत सोडली नाही. देवापुढे सुनेची ओटी भरली, आणि तिचा हात माझ्या हातात देऊन म्हणाली, "आखाजी होऊन आमी न्यायले येत नाई, तवर हे तुमची." मी मुऱ्हाळी असल्यासारखा गंभीर चेहरा केला. तो चेहरा मैत्रिणीला पाहवला नाही. ती पदरात तोंड घालून हसली आणि सासूला वाटलं सून सासर सुटतं म्हणून रडते आहे. गाडीत बसल्याबरोबर तिनं माझ्या कानात पहिलं काय विचारलं असेल? "चेंडू आणला काय व?"

रविवारी पहाटेच्या गाडीनं मलकापुरातून निघालो, जलंबला गाडी बदलली आणि उन्हं वर यायच्या आत खामगावला पोचलो. सामना सकाळी सातला होता, कारण चैत्र सरताना आमच्याकडे दहानंतर कावळासुद्धा मैदानात उतरत नाही. शाळेच्या पटांगणात बरीच माणसं जमली होती. त्यांत मेहकरचे मास्तर चार मुली घेऊन आले होते. त्यांचा सामना नव्हता, पण आम्ही मैदानात आलो नाही तर दुसरा नंबर त्यांचा होता. आम्हाला पाच पाहून त्यांचं तोंड उतरलं. मग त्यांनी पाचवीकडे निरखून पाहिलं.

"ही मुलगी कुठली?" त्यांनी पंचांना विचारलं. पंच अकोल्याहून बोलावले होते.

"मलकापूरची," बाई म्हणाल्या.

"होती. माघात लग्न झालंय तिचं, बीबीला. बीबी कोणत्या तालुक्यात? आमच्या. म्हणजे ही आता मेहकरची. मलकापूरकडून कशी खेळते?"

"ती पहिल्या सामन्यापासून मलकापूरकडून उतरली आहे. स्पर्धा सुरू झाल्यावर देश बदलत नाही."

"पण हिनं बदललाच आहे, बाई! गाव बदललं, आडनाव बदललं. तुम्ही नाव दिलंत त्या आडनावाची मुलगी आज आहे कुठं?"

पंचांनी टोपी काढून डोकं खाजवलं. जन्म कुठला, राहणं कुठलं, आधी कोणाकडून खेळली, हे सगळं त्यांना पाठ होतं. सासर-माहेराबद्दल मात्र कुणी काही ठरवूनच ठेवलं नव्हतं. दुसरबीडच्या दोन्ही विहिरी माझ्या डोळ्यांसमोर दिसायला लागल्या.

तेवढ्यात सासू गर्दीतून पुढे आली. "सून कोनाची हे?"

"तुमची का?" पंच म्हणाले.

"माही. मंग भांडण तुमी काऊन करून राह्यले? मले इचारा ना. म्या तिले रीतीनं मुऱ्हाळ्याच्या हाती देली हाये. ओटी भरून देली. आमी न्यायले जात नाई तवर ते माहेरची. तवर तिनं नाव काढलं तं माहेरचं, आणि नाक कापलं तं बी माहेरचंच. सासरच्यानं मधात बोलायचं नसते." मग ती मास्तरांकडे वळली. "तुमची बहीण येईन ना आखाजीले घरी? तवा तिले कोन्या गावची म्हनान, गुरुजी?"

मास्तर दोन पावलं मागे सरले.

"मुऱ्हाळी कोण आहे?" पंचांनी विचारलं.

मी हात वर केला. परकर, दोन वेण्या, गुडघ्याला खरचटलेलं. सगळं पटांगण हसलं. पंच मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "माझी बायकोसुद्धा परवापासून माहेरी आहे. ती तिथं काय करते हे विचारायची माझी प्राज्ञा नाही. ही मुलगी मलकापूरची. चला."

आम्ही ओरडणारच होतो, तेवढ्यात ते म्हणाले, "हातातलं, गळ्यातलं, कानातलं सगळं उतरवा. कुणाला लागायला नको."

सगळ्याच देशांत असतो तो नियम. मी माझी एकुलती बांगडी काढली. बाकीच्यांनी डूल काढले. माझ्या मैत्रिणीनं मंगळसूत्र आत टाकून पोलक्याला पिनेनं पक्कं केलं. आणि मग ती दोन्ही हात पुढे धरून तशीच उभी राहिली. मनगटापासून पार वरपर्यंत लग्नातला हिरवा चुडा. वर्षाच्या आत तो उतरवायचा म्हणजे काय, हे पंचांना कुणी सांगायला नको होतं.

"काचेचा आहे," ते हळूच म्हणाले. "फुटला तर टोक दुसरीला लागेल."

"झाकला तर?" बाईंनी विचारलं.

"जाड झाकला, काच कुठूनही लागणार नाही अशी, तर चालेल."

सासूनं लुगड्याचा पदर दातात धरला आणि टर्रकन लांब पट्टी फाडली. मग मला म्हणाली, "मुऱ्हाळी, पळ. कापूस आण."

चैत्राच्या अखेरीस कापूस कुठला? पण खामगावच्या त्या रस्त्यानं हंगामभर कापसाच्या गाड्या गेल्या होत्या, आणि बाभळीच्या काटेरी कुंपणाला जागोजागी बोंडाएवढे पुंजके अडकून राहिले होते. मी ते वेचत पळाले. हात ओरबाडले, पण परकराचा ओचा भरला. सासूनं चुड्यावर तो कापूस थापला, वरून पट्टी आवळत नेली. दोन्ही हात पलिस्तर केल्यासारखे दिसायला लागले. पंचांनी बोटांनी दाबून पाहिलं आणि मान डोलावली.

बाईंनी आम्हाला गोल करून एवढंच सांगितलं: "आज जिंकायचं नाही. आज उभं राहायचं. धक्क्याच्या पाच चुका झाल्या की मुलगी बाहेर, आणि आपल्याकडे बदली नाही. दोन जणी उरल्या तरी सामना चालतो. एकच उरली की संपला, आणि मग आपल्या जिल्ह्याच्या नियमानं हातात शून्य." बोलताना त्या माझ्याकडेच का पाहत होत्या, कोण जाणे.

मध्यंतरापर्यंत माझ्या चार चुका झाल्या होत्या. बाईंनी मला बाजूला घेतलं. "आता तू एक काम करायचं. स्वतःच्या वेण्या धरायच्या. दोन्ही हातांनी. सोडायच्या नाहीत." आणि मी खरंच दुसरा अर्धा भाग दोन्ही मुठींत वेण्या धरून इकडून तिकडे धावले. खामगावच्या मुली आधी हसल्या, मग माझ्या बाजूनं आरामात जाऊन टोपल्या टाकायला लागल्या. गुण पाहण्यासारखे नव्हतेच; आम्ही पाहिलेही नाहीत. संपत आलं तेव्हा त्यांची एक जण माझ्याजवळून जाता जाता म्हणाली, "हाराले इतक्या लांबून आल्या व?" माझी उजवी वेणी केव्हा सुटली मला कळलंच नाही. ती मुलगी पार रेषेबाहेर जाऊन बसली. पाचवी चूक.

चार उरल्या. मी काठावर सासूशेजारी जाऊन बसले. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. थोड्या वेळानं एकीला ऊन लागलं आणि ती मटकन खाली बसली. तिला सावलीत आणलं. तीन उरल्या. माझ्या मैत्रिणीच्या पट्ट्या सैल झाल्या होत्या. ती उडी मारी तेव्हा हातांतून कापूस उडायचा आणि तिच्यामागून हळूहळू खाली यायचा. ती आता धावतही नव्हती. आमच्या कडीखाली उभी होती, दोन्ही हात वर करून, आणि ज्या कुणी येतील त्यांच्या वाटेत तशीच उभी राहत होती. कुणाला धक्का नाही, काही नाही. शेवटच्या मिनिटात चेंडू तिच्या हाती आला, तेव्हा तिनं तो पुढे न नेता छातीशी घट्ट धरला. पंचांनी शिट्टी वाजवून काढून घेतला, खामगावला दिला. त्यांनी आणखी एक टोपली टाकली. मग लांब शिट्टी झाली.

सासू उठून थेट पंचांपाशी गेली. "भेटला काय एक?"

"भेटला, मावशी."

मग आम्ही जे नाचलो, ते पाहून खामगावची माणसं चक्रावली. जिंकलेल्या मुली घामेजून उभ्या होत्या आणि हरलेल्या फुगड्या घालत होत्या. मेहकरच्या मास्तरांनी कागदावर तिघींचे आपसातले गुण दोनदा मांडून पाहिले, घडी करून खिशात घातली आणि बाईंना नमस्कार केला. मला त्यांचं वाईट वाटलं, असं मी आता म्हणते. तेव्हा नव्हतं वाटलं.

संध्याकाळी मळ्यात गेले. बाबा वांग्यांना पाणी देत होते.

"जिकल्या?"

"हारलो."

त्यांनी खोऱ्यानं पाण्याची वाट वळवली. "मंग दुसरबीडले निरोप धाडतो."

"धाडा. अमरावतीले चालली म्हून धाडा."

पुढचा अर्धा तास मी चिखलात वांगी मांडून तो गट त्यांना दाखवला. "हारून वर जाते हे कोनतं गणित व?" ते तीनतीनदा विचारत होते. शेवटी त्यांनी एक वांगं उचललं, जे आम्ही होतो, आणि बराच वेळ हातात फिरवलं. म्हणाले, "बोललो तं बोललो." दुसरबीडला निरोप गेला. तिथल्या मुलाला पुढे चांगली बायको मिळाली, माझ्याहून पुष्कळ बरी. हे मला ठाऊक आहे, कारण ती माझी लांबची मावसबहीण.

अमरावतीच्या गटात आम्ही सगळे सामने हरलो. पण प्रत्येक सामन्यात पाच जणी उतरलो, आणि माझी मैत्रीण तेवढ्यासाठी पुन्हा एकदा सासरहून आली. या वेळी मुऱ्हाळी लागला नाही, सासूच घेऊन आली.

जून लागता लागता मी शिकायला निघाले. बाबा ट्रंक घेऊन मलकापूर स्टेशनावर आले. बडनेऱ्याला गाडी कशी बदलायची ते त्यांनी सांगितलं, ते स्वतः कधी बडनेऱ्याला गेले नसताना. गाडी हलायला लागली तेव्हा खिडकीशी चालत म्हणाले, "हारली तरी राहाय तिथंच. पळून येऊ नको."

"नाई येत," मी म्हणाले.

नांदुरा गेलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी दोन्ही मुठींत वेण्या घट्ट धरून बसले होते.